पंधरा मिनिटांत आवडलेला इन-इअर आणि चोराच्या मनातलं चांदणं

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बजेट ८० हजार. पुण्यातल्या दुकानात बसून दोन इन-इअर, म्हणजे कानाच्या नळीत बसणारे इअरफोन, ऐकलेत, मिळून पंधरा-वीस मिनिटं. पहिला घातल्याघातल्या आवडला, ‘एकदम मोकळा आणि चमकदार’ असे तुमचे शब्द. दुसरा सपक वाटला. घरी येऊन बघता तर परीक्षणं लिहिणारे झाडून सगळे दुसऱ्याच्या बाजूनं, आणि ग्राफही, म्हणजे कुठला स्वर किती मोठा वाजतो त्याची रेघही, दुसऱ्याचीच ‘बरोबर’. त्यात पहिल्याची डावी बाजू किंचित मंद वाटली ती वाटलीच. ऐकणं मुख्यतः ख्याल, नाट्यसंगीत, जुनी भावगीतं. रात्री, तासगावात, स्वतःच्या खोलीत. आता कानावर विश्वास ठेवायचा की ग्राफवर, हा तुमचा सवाल.

माझ्या मते तुम्ही अजून कानाला नीट विचारलेलंच नाही. तुम्ही दोन इन-इअरची तुलना केली असं तुम्हाला वाटतंय, पण प्रत्यक्षात चार गोष्टींची खिचडी ऐकलीत: इन-इअर, त्याची टिप, म्हणजे तोंडावरची मऊ टोपी, कानात कशी बसली, आवाज किती मोठा होता, आणि तो कशाला जोडला होता. यातल्या शेवटच्या तीन गोष्टी सारख्या केल्याशिवाय पहिलीबद्दल काहीही बोलणं म्हणजे दोन हळदींचा रंग एक ट्यूबलाइटखाली आणि एक उन्हात बघून भाव ठरवण्यासारखं आहे. मार्केट यार्डात असं कुणी करत नाही.

मी कुठून बोलतोय तेही सांगतो. सांगली-मिरज पट्ट्यात तेवीस वर्षं साउंडचं काम करतो. नाटकं, मैफिली, कॉलेजची गॅदरिंगं. सुरुवातीची पाच-सहा वर्षं गणपतीतल्या मोठ्या सिस्टिमीही लावल्या, त्याचं बिल कानांनी भरलं. आज वय बावन्न, १२ किलोहर्ट्झच्या वरचं मला काही ऐकू येत नाही. तेव्हा ‘वरची हवा’, ‘एक्स्टेन्शन’ वगैरेवर माझं मत कुणी विचारू नये. मात्र स्टेजवर गायकाच्या कानात काय जातंय ते सांभाळणं हा गेल्या दहा-बारा वर्षांतला रोजचा उद्योग आहे. इन-इअर मुळात त्यासाठीच आले. १९९५ साली जेरी हार्वे या साउंड इंजिनिअरनं व्हॅन हेलन बँडच्या ड्रमरसाठी कानाच्या मापाचे मॉनिटर बनवले, कारण स्टेजवरच्या दणदणाटात त्याला स्वतःचं काही कळेना. त्यातूनच पुढं अल्टिमेट इअर्स ही कंपनी उभी राहिली. म्हणजे हे कामाचं हत्यार आहे. तबलजीला स्टेजवर मी जो सेट देईन तो तुम्हाला रात्री अकरा वाजता ऐकायला देणार नाही. ‘चांगला आवाज’ कशासाठी, हे आधी ठरतं. तुमच्या बाबतीत ते ठरलेलं आहे, त्यामुळे माझं अर्धं काम सोपं झालं.

आता टिपपासून सुरू करू, कारण माझ्याकडे ‘आवाज आवडला नाही’ म्हणून येणाऱ्यांतल्या निम्म्यांचं दुखणं इथंच निघतं. इन-इअरचा खर्ज कानाची नळी हवाबंद झाली तरच ऐकू येतो. सुईएवढी फट राहिली की आधी खालचे स्वर गळतात, वरचे तसेच राहतात. मग काय होतं? डग्गा पातळ होतो, गळा पुढे येतो, सगळं ‘मोकळं आणि चमकदार’ वाटायला लागतं. शब्द ओळखीचे वाटले ना? पहिल्या सेटची टिप तुमच्या कानात गळत होती असं मी छातीठोक म्हणत नाही. पण शंका तीच आहे.

तपासायला यंत्र नको. दोन्ही बाजू कानात घाला, गाणं बंद ठेवा, ओठ मिटून एक लांब ‘म्ऽऽ’ धरा. दोन्ही कान सारखे बंद असतील तर तो घुमारा डोक्याच्या मधोमध बसतो. एका बाजूला झुकला तर ज्या बाजूला झुकला ती नीट बंद आहे, दुसरी गळतेय. मग गळणाऱ्या बाजूची टिप एक नंबर मोठी घाला, कानाची पाळी वर-मागं ओढून पुन्हा बसवा, पुन्हा ‘म्ऽऽ’. दोन्ही कानांना एकच माप लागतं हा गैरसमज आहे. मला डावीकडे मोठी लागते, उजवीकडे मधली. एका गायिकेला उजवीकडे फोमची आणि डावीकडे सिलिकॉनची चालते, आणि तिनं ते शोधायला एक अख्खा सीझन घालवला. शिवाय गाताना, बोलताना, घास चावताना जबडा हलतो आणि नळीचा आकार बदलतो. म्हणून टिप बसवल्यावर दोन मिनिटं बडबड करा, जांभई द्या, मग पुन्हा तपासा. दुकानदार बघत राहील, बघू दे.

गळतीइतकीच दुसरी गोष्ट म्हणजे सेट किती आत गेला. इन-इअरचं तोंड आणि कानाचा पडदा यांच्यामध्ये हवेची छोटी नळी उरते आणि ती बासरीसारखी स्वतःचा एक स्वर धरते. उरलेली लांबी २० मिलिमीटर असेल तर तो स्वर साधारण साडेआठ किलोहर्ट्झला येतो. सेट बाहेर राहिला आणि लांबी २४ झाली की सात किलोहर्ट्झच्या आसपास उतरतो. आता गंमत बघा: माणसाच्या आवाजातल्या ‘स’चा फूत्कार याच पट्ट्यात असतो. म्हणजे चार मिलिमीटरच्या फरकानं तोच सेट एकाला ‘सिबिलंट’, कानात टोचणारा वाटतो आणि दुसऱ्याला मऊ. नेटवर दोन जाणते लोक एकाच सेटवरून हमरीतुमरीवर येतात तेव्हा बहुतेक वेळा दोघंही खरं बोलत असतात. दोघांचे कान वेगळे असतात एवढंच.

यातूनच ग्राफचा मुद्दा निघतो. लोक विचारतात, ग्राफमध्ये ३ किलोहर्ट्झजवळ एवढा डोंगर का, हा दोष ना? नाही. तो डोंगर तुमच्या उघड्या कानातही आहे. कानाची नळी अडीचेक सेंटिमीटरची, एका टोकाला बंद. ती आणि बाहेरची पाळी मिळून तीनेक किलोहर्ट्झचा पट्टा आपोआप उचलून धरतात. जन्मल्यापासून आपण जग तसंच ऐकतोय. इन-इअर घातला की नळीचं तोंड बुजतं आणि हा नैसर्गिक उठाव जातो. तो परत द्यायचं काम इन-इअर बनवणाऱ्याचं. ग्राफ तिथं सपाट असेल तर गायक शेजारच्या खोलीत बसून गातोय असं वाटेल.

ग्राफ काढतात तो कृत्रिम कानावर. वर्षानुवर्षं वापरात असलेल्या कपलरची, म्हणजे या कृत्रिम कानाची, खालची आणि मधली बाजू भरवशाची आहे, पण आठ-दहा किलोहर्ट्झच्या वर त्या रेघेवर पैज लावू नका; तिथं त्या कपलरचा स्वतःचा गुणधर्म आणि सेट किती आत खुपसला हेच जास्त दिसतं. आणि ‘बरोबर’ म्हणजे कशाशी जुळणारा? बहुतेक जण हार्मन या ऑडिओ कंपनीच्या टार्गेटशी, म्हणजे आदर्श मानलेल्या रेघेशी, ताडून बघतात. तिथले संशोधक शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक श्रोत्यांना ऐकवून, त्यांना काय आवडतं त्यावरून ती रेघ काढली. काम पक्कं आहे, पण ती बहुसंख्यांच्या आवडीची रेघ आहे. त्यातला खालचा उठाव माझ्या कानाला ख्यालासाठी जरा जड पडतो. डग्ग्याची मींड सुजल्यासारखी येते. पॉप ऐकणाऱ्या माझ्या पोराला तोच उठाव कमी वाटतो. मी ग्राफ वापरतो तो गाळणीसारखा: डावी-उजवी बाजू जुळते का, मधल्या पट्ट्यात कुठं अचानक खड्डा किंवा सुळका आहे का. त्यावरून दहातले सहा बाद होतात. उरलेल्या चारांतून निवडायला कानच लागतो.

आवाजाची पातळी. हे वाक्य लहान आहे पण सगळ्यात जास्त पैसे यानंच बुडवलेत: जो जरा मोठा वाजतो तो जास्त चांगला वाटतो. एखाद-दुसरा डेसिबल पुरतो, आणि ‘हा मोठा आहे’ असं मनाला कळतही नाही. ‘हा जास्त खुला आहे, तपशील जास्त आहे’ असंच कळतं. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच दाखवून दिलं होतं की आवाज लहान असताना कान खर्ज कमी ऐकतो आणि वाढवला की तो भरून येतो. दोन इन-इअरची संवेदनशीलता (तेवढ्याच विजेवर किती मोठं वाजणार) वेगवेगळी असते, त्यामुळे फोनवर व्हॉल्यूम तेवढाच ठेवून एक काढला, दुसरा घातला ही तुलनाच नव्हे. नीट करायचं तर चिनी बनावटीचा छोटा कपलर काही हजारांत मिळतो, त्यात दोन्ही घालून १ किलोहर्ट्झचा स्वर सारखा करता येतो. एवढं कोण करतंय म्हणाल तर माझी गावठी युक्ती सांगतो. जो तुम्हाला आवडतोय तो मुद्दाम किंचित लहान ठेवा, दुसरा किंचित मोठा. तरीही पहिलाच आवडला तर ती आवड खरी आहे. उलटून गेली तर तुम्ही इन-इअर नव्हे, व्हॉल्यूम विकत घेत होता.

आता माझी फजिती, म्हणजे तिसरा मुद्दा कळेल. काही वर्षांपूर्वी आठ ड्रायव्हरचा (म्हणजे आत आवाज काढणारे आठ चिमुकले स्पीकर असलेला) एक सेट घेतला, बऱ्यापैकी महाग, पन्नास हजारांच्या पुढचा. आठवडाभर स्टेजवर वापरला आणि वैतागलो. खर्ज पोकळ, मधेच एका ठिकाणी गळा नाकात बोलल्यासारखा. टिप बदलल्या, वायर बदलली, मग एका कीबोर्डवाल्या मित्राला निम्म्या किमतीत देऊन टाकला. तीन महिन्यांनी इस्लामपूरच्या एका कार्यक्रमात त्यानं तोच सेट स्वतःच्या फोनला साध्या डोंगलनं, म्हणजे फोन आणि इअरफोनच्या मधल्या छोट्या जोडणीनं, लावून मला ऐकवला. मी दोन मिनिटं बोललोच नाही. तो सेट अप्रतिम होता. दोष माझ्या जुन्या मिक्सरच्या हेडफोनच्या भोकात होता.

गणित असं. अनेक बॅलन्स्ड आर्मेचर (ड्रायव्हरचा एक बारीक प्रकार) असलेल्या सेटचा इम्पीडन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, सगळ्या स्वरांना सारखा नसतो. समजा एका ठिकाणी तो ८ ओम आहे आणि दुसऱ्या ठिकाणी ३२. ज्याला जोडलाय त्याचा स्वतःचा, म्हणजे आउटपुट, इम्पीडन्स १ ओम असेल तर या दोन जागांत जेमतेम पाऊण डेसिबलचा फरक पडतो, कुणाच्या लक्षातही येणार नाही. तोच २० ओम असेल तर फरक जातो पावणेसात डेसिबलच्या घरात. म्हणजे सेट बनवणाऱ्यानं केलेलं सगळं ट्यूनिंग मोडून तुम्ही भलतंच काहीतरी ऐकताय. त्यामानानं एकाच डायनॅमिक ड्रायव्हरचे (साध्या स्पीकरसारखे) आणि प्लेनर (सपाट पातळ पडद्याचे) सेट याबाबत सोशिक असतात, कारण त्यांचा इम्पीडन्स बराचसा सपाट असतो. तेव्हा दुकानात त्यांच्या मोठ्या, दिवे लुकलुकणाऱ्या ॲम्पवर ऐकू नका. घरी ज्याला जोडणार आहात तेच खिशात घालून न्या. आणि नसेल काही, तर एखाद-दोन हजाराच्या आतबाहेर मिळणारं, ओमभर इम्पीडन्सचं साधं डोंगल तुमच्या रात्रीच्या ऐकण्याला पुरून उरेल. महागडा ॲम्प या आजारावरचं औषध नाही.

हे तीन धागे बांधले की मग ऐकायला बसायचं. काय ऐकायचं? परीक्षणांतली ठरावीक यादी ऐकू नका. ज्या आवाजाचं मूळ तुम्ही समोर बसून ऐकलेलं आहे तोच ऐका. गिटारचा अमुक तपशील दिसतो म्हणतात, पण ते गिटार त्या खोलीत कसं वाजत होतं ते तुम्हाला कुठं ठाऊक आहे? मग तपशील खरा की रंगवलेला ते ठरवणार कशावरून?

याबाबतीत आपल्या भागाइतकं नशीब कुणाचं नाही. तुमच्यापासून तासाभरावर मिरज आहे. सतारमेकर गल्लीत एखाद्या सकाळी जा, जिथं नवा तानपुरा लावायचं काम चाललंय तिथं परवानगी घेऊन बसा. कारागीर घोडीवर सूत सरकवत जवारी लावत असतो. सूत केसभर पुढं-मागं झालं की तारेचा नूर बदलतो. आधी बोथट ‘टुंग’, मग एका जागी अचानक तार उघडते आणि तो झुलता, दाणेदार गुंजारव सुरू होतो. दहा मिनिटं नुसतं ऐका. मग त्याच जागेवरून, कानाच्या उंचीवर रेकॉर्डर धरून पाच मिनिटं ध्वनिमुद्रण करा, शक्यतो वेव्ह फाइलमध्ये. फोनचा माइक चालतो, पण ऑटो लेव्हल (आवाज आपोआप कमी-जास्त करणारी सोय) बंद करा, नाहीतर आस कृत्रिमपणे फुगते. संध्याकाळी तेच दोन्ही सेटवर ऐका. माइकचा स्वतःचा रंग त्यात असणारच, पण तो दोन्ही सेटना सारखाच लागणार, आणि मूळ आवाज तुमच्या अंगात ताजा असणार.

तानपुराच का? काळी एकला (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला) लावलेल्या तानपुऱ्याचा जोड, म्हणजे मधल्या दोन तारा, १३८ हर्ट्झच्या आसपास, खर्ज त्याच्या निम्मा, ६९. पण जवारीमुळे त्या खर्जाच्या तारेतून वरचे स्वरांश (मूळ स्वराच्या पटीतले सूक्ष्म स्वर) एकामागून एक उमलतात. पाचवा स्वरांश म्हणजे आपला स्वयंभू गंधार, इथं ३४६ हर्ट्झच्या जवळ. त्याच्या वर अशी माळ कित्येक किलोहर्ट्झपर्यंत जाते. ही माळ सलग, उतरती हवी. सेटच्या आवाजात एखादा सुळका असेल तर तेवढाच मणी बाहेर उडी मारतो. तारेवर कुणीतरी शिट्टी बसवल्यासारखं वाटतं. खड्डा असेल तर गुंजारवाला मधेच भोक पडतं. गिटार-ड्रमच्या गाण्यात हा दोष लपतो कारण आवाज सतत बदलत असतो. तानपुरा हलत नाही, त्याच्यापुढे सेटला लपायला जागा नाही. गंधार सहज, न शोधता ऐकू आला आणि चारही तारा एकमेकींत विरघळूनही वेगळ्या राहिल्या, तर मधला पट्टा पास.

एक सूचना. खर्ज ऐकू आला म्हणजे सेटला खर्ज आहे असं नाही. मूळ ६९ हर्ट्झ गायब असला तरी वरच्या स्वरांशांवरून मेंदू तो स्वर स्वतः भरून काढतो. मोबाइलच्या टीचभर स्पीकरवरही तानपुरा ओळखू येतो तो याच कारणानं. खर्जाची खरी परीक्षा डग्ग्यावर घ्या. चाटीवर आणि शाईवर पडलेली बोटं आणि डग्ग्यावरची घसटती मींड, दोन्ही एकाच माणसाच्या दोन हातांतून आल्यासारखी वाटली पाहिजेत. डग्गा मागच्या खोलीतून आणि तबला कानाशी असं झालं तर ड्रायव्हर एकमेकांशी बोलत नाहीयेत. अनेक ड्रायव्हरच्या महागड्या सेटमध्ये हे मी बऱ्याचदा ऐकलंय.

दुसरी परीक्षा याहून सोपी आणि माझ्या मते सगळ्यात कडक: बोलणं. घरातल्या माणसाला, बायकोला, आईला, समोर दोन हातांवर बसवून एक वाक्य म्हणायला लावा आणि रेकॉर्ड करा. माझं ठरलेलं वाक्य आहे ‘चोराच्या मनात चांदणं’. मोठ्यानं म्हणून बघा. ‘चोर’मधला च दाताजवळचा, त्यात ‘स’ची झाक आहे. ‘च्या’तला च टाळूवरचा, त्यात ‘श’ची झाक. ‘चांदणं’मध्ये पुन्हा दाताचा. स-सारख्या आवाजाची ताकद वरच्या पट्ट्यात, श-सारख्याची त्याखाली. चांगल्या सेटवर तिन्ही च आपापल्या जागी पडतात, बायको बोलताना पडतात तसेच. वरचा पट्टा झाकलेला असेल तर ‘चोर’ टाळूकडे सरकतो, परप्रांतीय माणूस मराठी बोलतोय असं वाटतं. वरचा पट्टा चढा असेल तर ‘चांदणं’ फटाक्याच्या वातीसारखं सुर्र करतं. आपल्या माणसाचा आवाज आपण हजारो तास ऐकलेला असतो, तिथं कान फसत नाही. माझा एक सेट या एका वाक्यात बाद झाला, त्यासाठी ग्राफ बघावा लागला नाही.

जुन्या ध्वनिमुद्रिकांवरून मात्र सेट जोखू नका. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या १९३० च्या दशकातल्या तबकड्या मी डोळे मिटून ऐकतो, मिरजेचा माणूस दुसरं काय करणार. पण ७८ आरपीएमच्या त्या तबकड्यांत पाच-सहा किलोहर्ट्झच्या वर खरखरीखेरीज फारसं काही नाही. भारी सेट ती खरखर अधिक स्वच्छ ऐकवतो. तुमचं निम्मं ऐकणं जर त्या काळातलं असेल तर ८० हजारांतले बरेचसे पैसे तुम्ही खरखरीवर घालवणार आहात, हे माहीत असू द्या.

तुलनेच्या दोन पद्धती आहेत आणि दोन्ही लागतात. बारीक फरक कानाच्या आठवणीत काही सेकंदच टिकतात, म्हणून एक काढून दुसरा घालायला मिनिट गेलं की उरते ती समजूत. बारीक फरकासाठी वीस सेकंदांचा एकच तुकडा घ्या आणि झटपट अदलाबदल करा. दमणूक मात्र तासाभरानंतरच कळते. दुकानात चमकणारा सेट घरी चाळिसाव्या मिनिटाला नकोसा होतो, कारण त्याचा चढा पट्टा सतत टोचत असतो. त्यासाठी सलग तीन रात्री, एकच सेट, कमी आवाजात. मित्राकडून उसना मिळाला तर उत्तम, वापरलेला घेऊन नाही आवडला तर विकणं हाही मार्ग आहे, कारण उघडलेला इन-इअर दुकानदार सहसा परत घेत नाही. आवाजाचं पथ्य पाळा: ८० डेसिबल आठवड्याला ४० तास, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. माझ्या कानांचं काय झालं ते वर लिहिलंच आहे.

आता किंमत. २०१७ साली येरून ब्रेबार्ट या संशोधकानं २८३ हेडफोन आणि इअरफोन मोजून दाखवलं की फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स (म्हणजे वर सांगितलेला तो ग्राफ) आणि किंमत यांचा परस्परांशी संबंध सापडत नाही. माझा अनुभव त्याच्याशी बराचसा जुळतो. फक्त पंचवीस-तीस हजारांपर्यंत चुका कमी होत जातात. त्यापुढे बांधणी, बसण्याची सुखावह ठेवण, आणि कुणाच्या तरी आवडीचा रंग यांचे पैसे असतात. ते द्यायला हरकत नाही, फक्त काय विकत घेतोय ते कळू द्या. ड्रायव्हरची संख्या तर मी बघणंच सोडलंय. ‘साउंडस्टेज’ (आवाज किती पसरलेला, कुठून येतो असं भासणं) या शब्दाबद्दलही माझं मन साशंक आहे. इन-इअरमध्ये ते बरंचसं ट्यूनिंग आणि रेकॉर्डिंगच असतं. एक प्रयोग करा: तुमच्या फोनवरच्या इक्वलायझरनं दुसऱ्या सेटचे ५ ते ८ किलोहर्ट्झ दोन-तीन डेसिबल वाढवा. तो एकदम पहिल्यासारखा मोकळा वाटला, तर दोघांतला तुम्हाला कळलेला फरक तेवढाच होता.

थोडक्यात पुन्हा पुण्याला जाताना: स्वतःच्या टिपांची डबी, स्वतःचं डोंगल, तानपुऱ्याची आणि बायकोच्या आवाजाची फाइल. दोनच सेट, तासभर वेळ, शनिवार-रविवार टाळून. मला विचाराल तर तुम्ही शेवटी दुसरा घ्याल असा माझा होरा आहे, पण पहिला कानात नीट हवाबंद बसवून ऐकल्यावरही आवडला तर बिनधास्त तो घ्या, परीक्षकांना तुमच्या खोलीत येऊन ऐकायचं नाहीये.

राहिली ती डावी बाजू. आधी तो ‘म्ऽऽ’. घुमारा उजवीकडे झुकला तर डावी गळतेय, टिप बदला, प्रकरण मिटलं. मधोमध बसूनही डावं मंदच असेल तर त्या डेमो सेटच्या तोंडावरची जाळी टॉर्च मारून बघा. शंभर लोकांच्या कानांतून फिरलेला असतो तो, मळानं जाळी बुजते. जाळी स्वच्छ असेल तर डावा-उजवा उलटे करून, आकार बसत नसला तरी हातानं दाबून धरून, मोनो आवाज ऐका. मंदपणा सेटबरोबर उजव्या कानाकडे गेला तर सेट सदोष. डावीकडेच राहिला तर तो तुमच्या कानाचा आहे, आणि मिरजेत कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना तोटा नाही. गेल्या पावसाळ्यात एक हार्मोनियमवाले ‘डावा गेला’ म्हणून सेट दुरुस्तीला घेऊन आले होते. सेट ठणठणीत होता. डॉक्टरांनी कानातून वाटाण्याएवढा मळाचा खडा काढला आणि तीनशे रुपये घेतले.